बसून ९६, पण चढावर किती?

वाचकाचं पत्र

"ताई, आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. माझे आप्पा ५८ वर्षांचे आहेत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्यांनी २६ वर्षं मोल्डिंगला काढली. आता शेती बघतात, पण बोलावणं आलं की आठवड्यातून दोन-तीन दिवस अजूनही जातात. विडी आहे. पूर्वी दिवसाला बंडल लागायचं, आता पाच-सहा विड्या. गेल्या पावसाळ्यापासून विहिरीवरून घरापर्यंतचा चढ चढताना त्यांना दोनदा थांबावं लागतं. घरी कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर आहे, त्यावर ९५-९६ येतं. एक्स-रेत वरच्या बाजूला बारीक ठिपके आहेत. फुंकायची टेस्ट झाली, त्यात एफव्हीसी, म्हणजे एका दमात फुंकलेली हवा, ७८ टक्के. मनगटातून रक्त काढून एबीजी केली, त्यात ऑक्सिजन ७२ आणि कार्बन डायऑक्साईड ३६. आता डॉक्टर डीएलसीओ नावाची टेस्ट आणि एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक सीटी स्कॅन, करून या म्हणतात. भाऊ म्हणतो, सॅचुरेशन ९६ आहे, मग आणखी टेस्ट कशाला? वर त्यानं मोबाईलवर वाचलं की त्या टेस्टमध्ये कार्बन मोनॉक्साईड ओढायला लावतात. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं दगावतात ती त्याच वायूनं ना? त्याचा मुंबईचा एक मित्र मात्र ७२ ऐकून घाबरला, 'फुफ्फुसं गेली' म्हणाला. आम्ही ऐकायचं कुणाचं? आप्पा म्हणतात, 'मला काय झालंय? चढताना दम लागूलालाय तेवढंच.'"

उत्तर

ताई, आधी तुमच्या भावाला उत्तर देते, कारण टेस्ट त्याच्यापाशीच अडली आहे. त्याची भीती पोकळ नाही. डीएलसीओ म्हणजे फुफ्फुसातून वायू रक्तात किती सहज जातो ते मोजायची टेस्ट. तीत खरोखरच कार्बन मोनॉक्साईड असतो, आणि शेगडीच्या धुरातला जीवघेणा वायूही तोच. फरक आहे तो मात्रेचा आणि वेळेचा. शेगडीपाशी झोपलेला माणूस तासन् तास तो वायू ओढत राहतो. टेस्टच्या सिलेंडरमध्ये तो हजार भागांत तीन भाग असतो आणि पेशंट त्याचा एकच श्वास घेतो, दहा सेकंद धरतो, सोडतो. अशा एका श्वासानं रक्तातल्या हिमोग्लोबिनचा शेकडा एक भागसुद्धा त्या वायूखाली अडकत नाही. जो अडकतो त्यातला निम्मा चार-पाच तासांत श्वासावाटे निघून जातो. रोज पाच-सहा विड्या ओढणाऱ्या आप्पांच्या रक्तात हा वायू आजही त्याहून जास्त असणार. भावाला काळजी करायची असेल तर ती विड्यांची करू दे.

मी डॉक्टर नाही. बेळगावात फुफ्फुसांच्या तपासणीच्या मशीनपाशी २२ वर्षं उभी असलेली टेक्निशियन आहे. निदान करणं, औषध सांगणं माझं काम नाही. पण कुठला आकडा काय सांगतो आणि कुठला कधी फसवतो, हे मी रोज पाहते, आणि तुमच्या घरात सध्या एका आकड्यानं सगळ्यांना फसवलंय. तो म्हणजे ९६.

तुम्ही खानापूर स्टँडवरून बेळगावची बस धरता, तर ते स्टँड डोळ्यांपुढे आणा. रक्तातली तांबडी पेशी म्हणजे बस. फुफ्फुसातला हवेचा बारीक फुगा, ज्याला आपण वायुकोश म्हणतो, तो प्लॅटफॉर्म. ऑक्सिजन म्हणजे पॅसेंजर. माणूस निवांत बसलेला असताना ही बस प्लॅटफॉर्मला साधारण पाऊण सेकंद उभी राहते. चांगल्या फुफ्फुसात सगळे पॅसेंजर चढायला पाव सेकंद पुरतो. म्हणजे अर्धा सेकंद हाताशी शिल्लक. आता प्लॅटफॉर्म आणि बसच्या मधलं दार जाड झालं, पॅसेंजर एकेक करून आत शिरायला लागले, तरी काय बिघडतं? अर्धा सेकंद आहेच की. बस भरूनच निघते. ऑक्सिमीटर फक्त निघालेल्या बसमधल्या भरलेल्या सीटा मोजतो. चढताना किती रेटारेटी झाली ते त्याला दिसत नाही. म्हणून ९६.

मग आप्पा विहिरीवरून कळशी घेऊन चढायला लागतात. हृदय जोरात चालतं, बसगाड्या भरभर सुटतात, प्लॅटफॉर्मला उभं राहायला पाऊण सेकंदाऐवजी पाव सेकंद उरतो. चांगल्या फुफ्फुसाला तोही पुरतो. दार जाड झालेल्याला पुरत नाही, आणि बस काही सीटा रिकाम्या ठेवून निघते. आप्पा थांबतात. कमरेवर हात ठेवून उभे राहतात. दोन मिनिटांनी हृदय शांत होतं, आकडा वर येतो, ते घरी पोचून पायरीवर बसतात आणि तुम्ही बोटाला क्लिप लावता. ९६! तुमचा ऑक्सिमीटर खोटं बोलत नाही, तुम्ही त्याला प्रश्नच सोपा विचारताय.

इथे एक गोष्ट आणखी सांगून टाकते. ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, दोन्ही तो ऑक्सिजनच्या खात्यात जमा करतो. विडी ओढून आलेल्या माणसाचं सॅचुरेशन म्हणून थोडं चढंच दिसतं. त्यात सावळी कातडी, थंड बोटं, नखाला लावलेलं पॉलिश यांनी आकडा दोन-तीननं इकडे-तिकडे होतो.

आता मुंबईच्या मित्राचं ७२. तो का घाबरला ते मला कळतं, पण त्याचा हिशेब समुद्राकाठचा आहे. एबीजी म्हणजे मनगटाच्या धमनीतलं रक्त. त्यात ऑक्सिजनचा दाब मोजतात आणि पुस्तकात त्याची नेहमीची मर्यादा ८० ते १०० लिहिलेली असते. पण खरा प्रश्न असा असतो की वायुकोशात ऑक्सिजनचा दाब किती होता आणि त्यातला रक्तात किती पोचला. या दोघांमधली तफावत म्हणजे फुफ्फुसाची गळती. वायुकोशातला दाब सुई घालून मोजत नाहीत, हिशेबानं काढतात. हवेच्या दाबातून वाफेचे ४७ वजा करायचे, उरलेल्याचे २१ टक्के घ्यायचे आणि त्यातून रक्तातला कार्बन डायऑक्साईड ०.८ नं भागून वजा करायचा. मुंबईत हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. त्या मापानं वायुकोशात साधारण १०५ येतात, आणि आप्पांची तफावत निघते ३३. घाबरण्यासारखीच. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब ६९५ च्या आसपास असतो. तोच हिशेब इथल्या दाबानं केला की वायुकोशात ९१ येतात, आणि ९१ वजा ७२ म्हणजे १९.

वयाप्रमाणे ही तफावत थोडी वाढतेच. ढोबळ नियम असा की वयाला चारानं भागायचं आणि त्यात चार मिळवायचे. ५८ वर्षांच्या माणसाला साडेअठरा. आप्पांचे १९. काठावर, पण काठावरच. फुफ्फुसं गेलेली नाहीत ताई. एवढंच सिद्ध होतं की खाटेवर स्वस्थ पडलेल्या आप्पांचं रक्त ठीक भरतंय. अर्धा सेकंद शिल्लक आहे, तो कामी येतोय. काही एबीजी मशीन हवेचा दाब स्वतः मोजतात, काहींमध्ये ७६० धरलेला असतो. रिपोर्टच्या कोपऱ्यात तो आकडा छापलेला असतो, तो बघून घ्या. घाटावर राहणाऱ्यांनी हे एवढं लक्षात ठेवलं तर कितीतरी घरांतली रात्रीची झोप वाचेल. मी हे कितीदा सांगितलंय, मोजलं नाही.

मग डीएलसीओ कशाला? त्यासाठीच, की ती टेस्ट बसमधल्या सीटा मोजत नाही, दार मोजते. पेशंटला चालवावंही लागत नाही, तरी दार किती जाड झालंय, किती प्लॅटफॉर्म मोडलेत, ते कळतं. युक्ती त्या कार्बन मोनॉक्साईडमध्येच आहे. ऑक्सिजन वापरला असता तर काही कळलं नसतं, कारण रक्तात तो आधीच असतो. नवा किती चढला आणि जुना किती, कसं सांगणार? विडी न ओढणाऱ्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साईड जवळपास नसतोच, आणि हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोरानं धरून ठेवतं. दारातून जो आत गेला तो परत फिरत नाही. दहा सेकंदांत त्यातला किती नाहीसा झाला ते मोजलं की तेवढा पडदा ओलांडून गेला, हे नक्की. त्याच श्वासात दुसरा एक वायू असतो, हेलियम किंवा मिथेन. तो पडदा ओलांडत नाही, फुफ्फुसातल्या हवेत नुसता पसरतो. तो किती पातळ झाला त्यावरून हवा किती जागेत पोचली ते कळतं. एक वायू आत जाणारा, एक बाहेरच राहणारा. दोघांच्या हिशेबातून फुफ्फुस बोलतं.

ही कल्पना डेन्मार्कच्या मारी क्रोग यांची. १९१५ साली त्यांनी माणसाच्या फुफ्फुसातून वायू किती वेगानं पलीकडे जातात ते याच एका श्वासानं मोजून दाखवलं. त्याआधी क्रिस्टियान बोर यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ मानत होते की फुफ्फुस ग्रंथीसारखं काम करून ऑक्सिजन रक्तात ढकलतं. मारी आणि त्यांचे पती ऑगस्ट क्रोग यांनी मोजून दाखवलं की ढकलावं लागत नाही. पडदा इतका पातळ आणि इतका मोठा आहे की वायू आपोआप पलीकडे जातो. पातळ म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. मोठा म्हणजे तीस कोटींहून जास्त वायुकोश, आणि सगळे उलगडून पसरले तर एखाद्या घराचं अंगण झाकेल एवढे. मारी क्रोग स्वतः डॉक्टर होत्या, पेशंट तपासत होत्या. आज शंभरावर वर्षं झाली, मशीनला कॉम्प्युटर जोडला गेला, पण पेशंटनं करायचं ते तेच आहे. एक श्वास, दहा सेकंद. सकाळी पहिल्या पेशंटच्या नाकाला क्लिप लावताना मला कधीकधी त्यांची आठवण येते.

आप्पांच्या बाबतीत डॉक्टर ही टेस्ट का मागताहेत, त्याचा माझ्या अनुभवातून अंदाज सांगते, निदान म्हणून नव्हे. मोल्डिंगच्या वाळूत सिलिका असते. साचा फोडताना, कास्टिंग झाडताना, फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करायला, घासताना तिची बारीक धूळ उडते आणि वर्षानुवर्षं फुफ्फुसात साठून वण करते. वण म्हणजे जाड दार, आकसलेली फुफ्फुसं. विडी उलटं करते. ती वायुकोशांच्या भिंतीच खाऊन टाकते, प्लॅटफॉर्म मोडून मोठ्या रिकाम्या पोकळ्या होतात, फुफ्फुस फुगतं. एकाच माणसात दोन्ही असली तर? एक आकसतं, एक फुगवतं, आणि फुंकायच्या टेस्टमध्ये दोघांची वजाबाकी होऊन आकडा बऱ्यापैकी दिसतो. ७८ टक्के. पण हवा पलीकडे नेण्याच्या बाबतीत दोघं एकाच बाजूचे आहेत, दोघंही नुकसानच करतात. फुंकण्याचा रिपोर्ट बरा आणि डीएलसीओ खूप खाली, असे पेशंट मी पाहिलेत, आणि त्यातले बहुतेक "मला काही झालेलं नाही" म्हणतच आत आले होते. उलट दम्याच्या पेशंटला धाप लागते, घरघर होते, तरी त्याचा डीएलसीओ चांगला येतो, कारण त्याची नळी अरुंद झालेली असते, दार नाही. म्हणून ही टेस्ट डॉक्टरांना वाट दाखवते.

तुमच्या घरी रोज होणारी एक टेस्ट मात्र अजून कुणी मोजलेली नाही. आप्पांना छातीत दुखत नसेल, चक्कर येत नसेल, तर उद्या विहिरीवर जाताना ऑक्सिमीटर खिशात घालून तुम्ही त्यांच्याबरोबर जा. कळशी तुम्ही घ्या. चढावर ते जिथे पहिल्यांदा थांबतात तिथे लगेच क्लिप लावा, हात छातीशी स्थिर धरायला सांगा आणि अर्धा मिनिट बघत राहा. यंत्र थोडं मागे चालतं, म्हणून सगळ्यात खालचा आकडा थांबल्यावर काही सेकंदांनी दिसतो. तो लिहा. ठोके किती ते लिहा. आकडा परत वर यायला किती वेळ लागला तेही लिहा. बसलेल्या आकड्यापेक्षा चार किंवा जास्तनं खाली गेला तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. ८८ च्या खाली गेला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा. दवाखान्यात हीच गोष्ट नीट करतात, ३० मीटरच्या सपाट व्हरांड्यात सहा मिनिटं चालवतात. डॉक्टरांना ती करायला जरूर सांगा. तिचा खर्च डीएलसीओच्या मानानं अगदी थोडा.

आता टेस्टच्या दिवसाचं, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात आणि वाईट रिपोर्ट घेऊन माणसं घरी जातात. आदल्या संध्याकाळपासून विडी नको. टेस्टच्या सकाळी तर एकही नको, कारण रक्तात आधीच कार्बन मोनॉक्साईड असेल तर आकडा खोटा खाली येतो. पोटभर जेवून येऊ नका, चहा-नाश्ता चालेल. बसमधून उतरून जिने चढून थेट मशीनवर बसवू नका, दहा-पंधरा मिनिटं बाकावर टेकू द्या. कवळी असेल तर काढू नका, ओठ घट्ट धरायला ती लागते. नुकतं डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, हृदयाचा झटका येऊन गेला असेल, तर आधी सांगा.

आणि हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट बरोबर आणा. हे मी विसरू देणार नाही, कारण एक बाई माझ्या मनातून जात नाहीत. निपाणीकडच्या, तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेल्या. लुगड्याच्या पदरात रिपोर्टांची पिशवी बांधलेली. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांचा डीएलसीओ ५० टक्के आला होता आणि कुणीतरी "फुफ्फुसं अर्धी गेली" असं तोंडावर सांगितलं होतं. मुलगी बाहेर बाकावर रडत होती. मी त्यांच्या पापणीच्या आतली बाजू ओढून पाहिली, कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन करायला पाठवलं, सात आलं. बसच कमी असतील तर पॅसेंजर चढणार कशात? हिमोग्लोबिनचा हिशेब धरून आकडा दुरुस्त केला तेव्हा ५० चे ६९ झाले. आजार होता, नव्हता असं नाही, पण अर्धी फुफ्फुसं गेलेली नव्हती. त्या बाईंनी तो आकडा घेऊन महिने काढले होते. आपल्याकडच्या बायकांच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनची दुरुस्ती केली आहे की नाही, हे प्रत्येक वेळी विचारलंच पाहिजे. पुरुषांच्याही.

टेस्ट अशी होते. नाकाला क्लिप, तोंडात नळी, ओठ घट्ट. साधे चार श्वास. मग आम्ही म्हणतो, सोडा, सोडा, सगळी हवा काढा, अजून थोडी. तळ रिकामा झाला की एका झटक्यात पूर्ण भरून ओढा. आणि धरा. दहा सेकंद. मग एका दमात, घाई न करता सोडा. आम्ही पहिली हवा सोडून देतो, कारण ती श्वासनळीतली असते, आणि खोलवरची तपासतो. मध्ये किमान चार मिनिटं थांबून परत करतो, निदान दोन श्वासांचे आकडे जुळायला हवेत. पाचाहून जास्त वेळा करत नाहीत. घाईत एकाच श्वासावर रिपोर्ट देत असतील तर हात जोडून दुसरा करायला लावा, तुमचा हक्क आहे.

दहा सेकंद धरणं आजारी माणसाला सोपं नाही. खोकला येतो, घाबरायला होतं. आमच्याकडे कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी दोन्ही मिसळून बोलणारा. मी "श्वास धरा" आणि "उसिरु हिडीरि" एकापाठोपाठ एक म्हणते, कारण त्या क्षणी माणसाला त्याच्या आईची भाषा ऐकू यावी लागते. आप्पांना घरी सराव द्या. पूर्ण सोडा, पूर्ण भरा आणि मनात दहा वेळा सावकाश विठ्ठल म्हणा. दिवसातून तीन-चार वेळा, बसून. चक्कर आली तर सोडून द्या. ज्यांनी घरी असा सराव केला ते माझ्याकडे पहिल्याच खेपेला टेस्ट नीट करतात.

रिपोर्ट आल्यावर काय बघायचं? त्यांच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाच्या तुलनेत किती टक्के, तो आकडा. साधारण साठाच्या वर पण मर्यादेखाली असेल तर बिघाड थोडा, चाळीस ते साठ मध्यम, चाळीसच्या खाली जास्त. त्याच्याच बाजूला हवा किती जागेत पोचली तो आकडा आणि त्या जागेमागे किती वायू गेला तो आकडा असतो. हे दोन्ही डॉक्टरांना बघायला सांगा, आकसलेलं फुफ्फुस आणि मोडलेलं फुफ्फुस त्यातून वेगळं ओळखू येतं. आणि आकडा चांगला आला तर? आनंद करा, पण सिलिकाचा आजार सुरुवातीला डीएलसीओत दिसत नाही असंही होतं. तेव्हा चांगला आकडा म्हणजे फाउंड्रीत परत जायचा परवाना नव्हे. आजचा आकडा जपून ठेवा. सहा महिन्यांनी, वर्षानं तोच परत करून बघितला की फुफ्फुस कुठल्या दिशेनं चाललंय ते कळेल. एकुलत्या एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधलं अंतर मला नेहमी जास्त सांगतं.

एचआरसीटीही करा. डीएलसीओ किती बिघडलंय ते सांगते, कशानं आणि कुठे ते सांगत नाही. सगळीकडे डीएलसीओचं मशीन नसतं. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यांत, नाहीतर मिरज, कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी, तुम्हाला जवळ पडेल तिथे आधी फोन करून मशीन चालू आहे का, सिलेंडर आहे का विचारा आणि मगच पहिली बस धरा. रिकाम्या सिलेंडरपायी चाळीस किलोमीटर परत गेलेले पेशंट मी पाहिलेत.

ऑक्सिजनचं सिलेंडर किंवा मशीन घरी आणायची घाई करू नका. ते लागतं जेव्हा बसल्या जागी रक्तातला दाब ५५ किंवा त्याखाली किंवा सॅचुरेशन ८८ किंवा त्याखाली असतं, आणि मग ते दिवसाचे पंधरा तास तरी घ्यावं लागतं. आप्पा तिथे नाहीत. तिथे पोचू नयेत म्हणूनच हे सगळं.

दोन गोष्टी मात्र उद्यापासून. आप्पांची थुंकी टीबीसाठी तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होते. सिलिका असलेल्या फुफ्फुसात टीबी सहज घुसतो, आणि वरच्या बाजूचे ठिपके दोघांचेही असू शकतात. आणि फाउंड्रीचं बोलावणं आलं तर नाही म्हणा. मला माहीत आहे, त्या दोन-तीन दिवसांच्या पैशावर घरातलं काही ना काही चालत असेल. पण सिलिकानं गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, कुठल्याही औषधानं नाही. पुढचं जाणं तेवढं थांबवता येतं.

त्या पैशाच्या बाबतीतही एक सांगते. आप्पांचं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं का, जुन्या पगाराच्या स्लिपा आहेत का, शोधा. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीचा आजार, हा कायद्यानं कामामुळे होणारा आजार मानलेला आहे. तो कळवावा लागणाऱ्या आजारांच्या यादीत आहे, डॉक्टरनं तो कळवायचा असतो. ईएसआय असेल तर त्यातून, नसेल तर कामगार भरपाईच्या कायद्यातून हक्क मागता येतो. तिथे आप्पांच्या बाजूनं बोलणार काय? एक्स-रे, एचआरसीटी, आणि श्वास पलीकडे जात नाही हे आकड्यात सांगणारा तो डीएलसीओचा कागद. "दम लागूलालाय" एवढ्यावर कुणी भरपाई देत नाही. फॉर्म इंग्रजी-कन्नडमध्ये असतील; वाचता येत नाहीत म्हणून परत फिरू नका, मोठ्या दवाखान्यांत समाजसेवक असतात, त्यांना गाठा. भावाला हे काम द्या. ज्याला टेस्ट नको होती त्याच्याच हातात ही फाईल असू दे, तो नीट सांभाळेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. काळजीपोटीच नाही म्हणतोय तो.

पुढच्या पत्रात मला विहिरीच्या चढावरचा आकडा कळवा. पहिल्या थांब्याचा आणि दुसऱ्या थांब्याचा, दोन्ही.